हळदकुंकू लावलेला पासवर्ड

आमच्या बँकेची किल्ली मी एकदा हळदकुंकू लावून, झेंडूचा हार घालून, दीपावलीच्या शुभेच्छांसह सगळ्या सभासदांना घरपोच पाठवली. टपालखर्च अर्थात बँकेचा. चोराला इतक्या मानाने आवतण डोंबिवलीत तरी त्याआधी कुणी दिलं नसेल, आणि ते देणारी बाई बँकेत नेमलेली होती ती किल्ल्या सांभाळायला.

आता मी आजी आहे. बाळकुमला लेकाकडे राहते. सोसायटीच्या ग्रुपवर कुणी जिन्याखालच्या कॅमेऱ्याचा पासवर्ड टाकला की मी त्याला खाजगीत झापते, आणि तो 'सॉरी आजी' म्हणून तोच पासवर्ड दुसऱ्या ग्रुपवर टाकतो. नातीला वाटतं, बँकेत होते म्हणजे मी नोटा मोजत असणार. मी तिला सांगते, "नाही गं, मी वायरी मोजायचे." त्यावर ती तोंड वाकडं करते, आणि तिचं काही चुकत नाही. आमचं काम नीट चाललेलं असताना कुणाला दिसत नाही. बंद पडलं की मात्र चेअरमनपासून चहावाल्यापर्यंत सगळे आमच्या खोलीच्या दारात उभे.

तेव्हा आधी काम समजावून सांगते. फार वेळ घेणार नाही.

आमची बँक सहकारी. मुख्य कार्यालय डोंबिवलीला, शाखा ठाण्यापासून कल्याणपर्यंत. प्रत्येक शाखेत एक राउटर. तुमच्या घरी वायफायचा जो डबा असतो ना, त्याचा शिकलेला थोरला भाऊ समजा. कुठला निरोप कुठल्या वाटेने न्यायचा, कुणाला आत घ्यायचं, कुणाला दारातून परत पाठवायचं, हे सगळं त्याच्या पोटात ओळीओळीने लिहिलेलं असतं. त्या लिखाणाला आम्ही कॉन्फिग म्हणायचो. डबा मेला तर नवा विकत मिळतो, पण ते लिखाण मिळत नाही. ते पुन्हा हाताने लिहायला बसलं की शाखेत रांग लागते आणि रांगेतली माणसं आपल्या खानदानाबद्दल बोलायला लागतात.

आणि डबे मरायचे. एमआयडीसीतल्या शाखेत हवाच अशी की आतला तांब्याचा भाग हिरवट काळा पडायचा. बाळकुमच्या शाखेत एकदा गणपतीच्या आरतीला माइक लावायचा म्हणून मॅनेजरांनी राउटरचा प्लग काढला आणि आरती झाल्यावर घाईत भलताच अडॅप्टर लावला. राउटरमधून धूर आला. बराच वेळ कुणी लक्ष दिलं नाही, कारण सगळ्यांना तो धूपच वाटला. मग फोन आला, "मॅडम, आरती छान झाली. फक्त सिस्टिम येत नाहीये."

यावर उपाय म्हणजे, रोज संध्याकाळी प्रत्येक राउटरने आपल्या कॉन्फिगची एक नक्कल मुख्य कार्यालयातल्या एका मशीनवर आणून टाकायची. डबा मेला की तिथली नक्कल नव्या डब्यात भरायची, की शाखा चालू. ही सगळी व्यवस्था मी एकटीने उभी केलेली, आणि तिचा मला इतका अभिमान होता की सासरच्या लग्नांतसुद्धा मी ती लोकांना समजावून सांगत असे. जेवणाच्या पंगतीत माझ्या शेजारची खुर्ची रिकामी का राहते, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

आता खरी गोम. राउटरने नक्कल आणून टाकायची तर दारावर नाव आणि पासवर्ड सांगायला लागणार. राउटरला डोकं नाही, त्यामुळे तो पासवर्ड त्याला लिहून द्यावा लागतो. कुठे, तर त्याच्या त्याच कॉन्फिगमध्ये. आणि राउटर म्हणजे अगदी भोळा गडी. कुणी आत शिरून विचारलं, 'बाबा रे, तुझ्या पोटात काय आहे?' की तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा सगळं म्हणून दाखवणार. त्यात पासवर्डही आला.

यावर कंपनीने एक सोय दिलेली असते. एक हुकूम दिला की पासवर्डची ओळ उघडी दिसायची बंद होते. तिथे सात हा आकडा येतो आणि त्याच्यापुढे आकडे आणि इंग्रजी अक्षरं यांची भेळ. मी ती भेळ पहिल्यांदा पाहिली तेव्हा धन्य झाले. मला वाटलं, लागलं कुलूप. शाखाशाखांत जाऊन मी प्रशिक्षणं घेतली. चष्मा डोक्यावर, हातात खडू, आणि ठरलेलं वाक्य: "हे कुलूप कुबेर आला तरी उघडणार नाही." टाळ्याही पडायच्या, कारण त्यानंतर वडे असायचे.

ते कुलूप नव्हतंच. तो नुसता पडदा होता. मागून कुणी स्क्रीनकडे डोकावलं तर सहज वाचता येऊ नये, एवढ्यापुरता. त्या भेळीवरून मूळ पासवर्ड काढून देणारी पानं इंटरनेटवर फुकट मिळतात. हे कंपनीच्याच पुस्तकात लिहिलेलं होतं. ते पुस्तक माझ्या कपाटात होतं आणि त्याच्यावर माझा जेवणाचा डबा ठेवलेला असे.

पासवर्ड काय ठेवलेला, तेही सांगून टाकते. आता लपवून काय करायचंय. ही व्यवस्था मी घरी अभ्यास करून उभी केली आणि अभ्यासाला वेळ मिळायचा तो घर निजल्यावर. त्यामुळे पासवर्ड होता 'सासूबाई झोपल्या', इंग्रजी अक्षरांत, आणि शेवटी एक हा आकडा. सगळ्या शाखांना हाच, लक्षात राहायला बरा म्हणून. तो ठाऊक होता दोघींना. एक मी, दुसरी संगीता.

संगीता सोनावणे कल्याण पूर्वेची. आमच्या विभागात कंत्राटावर. शिडीवर चढून छतातून वायर ओढण्यापासून राउटर भरण्यापर्यंत सगळं करायची, आणि पगार शिडीचाच मिळायचा. तिशी उलटून गेलेली. त्या वर्षी तिला कायम करण्याची फाइल संचालक मंडळापुढे होती. वयाची अट त्याच वर्षी संपत होती, म्हणजे ही शेवटची संधी. ती फारसं बोलून दाखवायची नाही, पण तिची आई मला भेटली की दरवेळी विचारायची, "बाई, आमच्या पोरीचं काय झालं?" आणि मी म्हणायचे, "होणार, होणार. मी आहे ना." माझ्या त्या 'मी आहे ना'चं काय झालं, ते पुढे येतं.

आमच्याकडे खंडेनवमीला यंत्रांची पूजा व्हायची. दसऱ्याला सुट्टी, म्हणून आदल्या दिवशी. त्या दिवशी नोटा मोजायचं मशीनसुद्धा गंध लावून बसायचं. त्या वर्षी अध्यक्षांना कल्पना सुचली की पूजेचा फोटो दिवाळीच्या भेटकार्डावर छापायचा, खाली 'परंपरा आणि तंत्रज्ञान'. म्हणजे आमचा विभाग बँकेचा चेहरा होणार. मी हरखले. राउटर चौरंगावर मांडला, वायरींना फुलं बांधली, तरी काहीतरी कमी वाटत होतं. मग लक्षात आलं, पोथी नाही. पूजेला पोथी हवी. मी राउटरचं कॉन्फिग छापून काढलं आणि पोथीसारखं समोर टेकून ठेवलं. तेही मोठ्या टाइपात, देवाला चष्मा लागू नये म्हणून. पासवर्डची ओळ? ती तर कुलपात होती. मी स्वतः तिला कुंकवाचं बोट लावलं. फोटोत ते बोट नेमकं त्या ओळीच्या सुरुवातीला आलं होतं, शाळेत मास्तर महत्त्वाच्या वाक्याला खूण करायचे तसं.

संगीता पूजेला नव्हती. ती दरवर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीला जायची. नागपूरची गाडी दुपारची, त्यामुळे अर्ध्या दिवसाची रजा तिने महिनाभर आधी टाकलेली. जाण्याआधी खोलीत डोकावली. "मॅडम, सगळे राउटर चालू आहेत. या पूजेतल्याला तेवढं तुपाच्या निरांजनापासून लांब ठेवा."

दिवाळीनंतर सभासदांसाठी फराळाचा कार्यक्रम असायचा. हॉलमध्ये हजारेक खुर्च्या, पुढच्या रांगेत ज्येष्ठ सभासद, त्यात माझ्या सासूबाई. अध्यक्षांचं भाषण झालं. सूचना कुणाला करायच्यात का, असं त्यांनी विचारलं, आणि चौबळ काका उठले.

चौबळ काका म्हणजे ठाकुर्लीचे एक निवृत्त गृहस्थ. शाखेतल्या काउंटरवरचं पेन सुतळीने बांधलेलं असतं, ती सुतळी आखूड आहे, सही करताना सभासदाला वाकावं लागतं, अशी त्यांची तक्रार होती. ती ते कित्येक वर्षं लेखी देत होते. बँकेने एकदाही उत्तर दिलं नव्हतं. त्यांना उठलेलं पाहून अर्धा हॉल चिवड्याकडे वळला.

काकांनी माइक हातात घेतला. "पेनाचा विषय नंतर. माझा एक साधा प्रश्न आहे. सासूबाई झोपल्या, एक, हा आपल्या बँकेचा पासवर्ड आहे ना?"

हॉल हसला. लोकांना वाटलं, काकांचं वय झालं. व्यासपीठावरचे साहेब लोकही हसले. न हसलेली एकच बाई होती, आणि तिच्या हातातली करंजी तशीच राहिली होती. माझ्या चेहऱ्याकडे पाहून आमच्या जनरल मॅनेजरांचं हसू आधी थांबलं, मग अध्यक्षांचं.

"हा तुम्हाला कुणी सांगितला?" अध्यक्षांनी विचारलं.

"ते मी सांगतो," काका म्हणाले. "आधी पेनाचं उत्तर द्या. लेखी."

आणि बसले. शंकरपाळे खायला लागले.

घरी येताना रिक्षात सासूबाईंनी आधी पदर सावरून घेतला. मग म्हणाल्या, "मी झोपलेले नसायचे गं. डोळे मिटून पडायचे. म्हटलं, तुला जरा मोकळं वाटू दे."

मी कार्यक्रमातूनच पळत ऑफिसात जाऊन पासवर्ड बदलला होता, तेवढी अक्कल होती. नवा पासवर्ड ठेवला, 'सासूबाई जाग्या', आणि पुढे एक. कुलूप तेच, पडदाच. माझी सगळी प्रतिभा एका सासूपलीकडे जात नव्हती.

दुसऱ्या दिवशी चौकशी समिती बसली. अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि जनरल मॅनेजर. समितीपुढे मार्ग दोन होते. एक, चौबळ काकांना पेनाबद्दल दोन ओळींचं पत्र देणं. दुसरा, घरभेदी शोधणं. पहिला मार्ग बँकेच्या प्रतिष्ठेला शोभणारा नव्हता, म्हणून दुसरा धरला.

मला आत बोलावलं. चहा आला, बिस्किटं आली.

"मॅडम, पासवर्ड किती जणांना ठाऊक होता?"

"दोघींना."

"दुसरी कोण?"

"संगीता सोनावणे."

"पूजेच्या दिवशी विभागातले सगळे हजर होते?"

"संगीता नव्हती. नागपूरला गेली होती."

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मी बिस्कीट चहात बुडवत होते. मी काही खोटं बोलले नव्हते. विचारलं तेवढं सांगितलं. पण या उत्तरांचं पुढे काय होणार, हे न कळण्याइतकी मी कुकुलं बाळ नव्हते. आणि आणखी एक कबूल करते. त्या क्षणी मलाही तसंच वाटत होतं. माझं कुलूप तर कुबेरालाही उघडत नाही. मग माणूसच फुटलं असणार.

संगीताला मशीनच्या खोलीत जायची बंदी झाली. चौकशी पुरी होईपर्यंत तिने गेटवर वॉचमनच्या बाकावर बसायचं, सकाळी सही करायची, संध्याकाळी सही करायची. फाइल मंडळापुढून काढून घेतली. महिना संपला की कंत्राट संपणार होतं आणि त्याबरोबर वयही.

मी तिला गेटवर जाऊन विचारलं, अगदी मायेच्या सुरात, "तू कुठे बोलून गेलीस का गं? सहज, गप्पांत?"

तिने सहीचं रजिस्टर मिटलं. "मॅडम, तुमच्या सासूबाई झोपलेल्यात हे मी नागपूरला जाऊन कुणाला सांगू?"

वॉचमन हसला. मी नाही हसले. परत येऊन खुर्चीत बसले आणि मला पहिल्यांदा वाटलं की हिने सांगितलं नसेल तर मग उरलं कोण.

म्हणून मी ठाकुर्लीला चौबळ काकांकडे गेले. काकू म्हणाल्या, "या, पेनवाल्या ना तुम्ही?" मी म्हटलं, "नाही, सासूवाली." त्यांनी मला आत घेतलं.

काका गॅलरीत पेपर वाचत होते. मी संगीताचं सगळं सांगितलं. कायम होण्याची फाइल, वयाची अट, गेटवरचं बाक. पेपर खाली आला.

"ही भानगड माझ्यामुळे झाली?"

"तुम्ही कुठून मिळवलात ते सांगितलंत तर ती सुटेल."

काका उठले, टीव्हीवरचं भेटकार्ड घेऊन आले आणि माझ्या हातात भिंग दिलं. "वाचा."

झेंडूचा हार, राउटर, पोथी, कुंकवाचं बोट. आणि बोटापुढे सातचा आकडा आणि पुढची भेळ, स्वच्छ, गुळगुळीत कागदावर छापलेली.

"पण काका, हे तर एन्क्रिप्टेड आहे, कुलपात आहे," मी म्हटलं. माझं ते शेवटचं भाबडं वाक्य.

काकांनी मला त्यांच्या कॉम्प्युटरसमोर बसवलं. एक पान उघडलं. "मला यातलं काही कळत नाही हो. ही ओळ काय आहे म्हणून मी जशीच्या तशी शोधायला टाकली, तर हे पान आलं. त्यात घातली, तर हे आलं." त्यांनी बटण दाबलं. सासूबाई झोपल्या. एक.

मी पाणी मागितलं. काकूंनी आणून दिलं.

"नवा ठेवलात ना?" काकांनी विचारलं.

"ठेवला."

"सासूबाई जाग्या असा तर नाही ना?"

मी दुसऱ्यांदा पाणी मागितलं.

उठताना काकांनी कार्ड माझ्या हातात दिलं. "मी पेनाचा हट्ट सोडतो. समितीला सांगा, कार्डावरून कळलं. पण बाई, कार्ड मी नाही छापलं."

समितीपुढे मी स्वतः वेळ मागून गेले. सांगितलं की पासवर्ड मी फोडला, हे कार्ड, ही ओळ, संगीताचा काही संबंध नाही. मला वाटलं होतं, खळबळ माजेल. तिघांच्या चेहऱ्यावर नुसतं कौतुक होतं.

"मॅडम, तुमचं मन मोठं आहे," उपाध्यक्ष म्हणाले. "हाताखालच्या माणसाला पाठीशी घालताय."

"पाठीशी घालत नाहीये. मी केलंय."

"तुम्हीच तर आम्हाला शिकवलंत," जनरल मॅनेजर म्हणाले, "कुबेर आला तरी उघडणार नाही."

आपलीच वाक्यं अशी परत येतात. चूक मी केली होती, पण ती माझ्या नावावर घ्यायला कुणी तयार नव्हतं. आमच्या बँकेत चुकीलाही पदाप्रमाणे माणूस लागायचा, आणि ही चूक माझ्या पदाला लहान पडत होती.

तेव्हा मी स्टोअरमधला जुना राउटर मागवला, टेबलावर ठेवला, लॅपटॉप जोडला. "अध्यक्ष साहेब, यात तुम्हाला हवा तो पासवर्ड टाका. मी पाठ फिरवून उभी राहते. कुणाला दाखवू नका." अध्यक्षांना असल्या गोष्टींची हौस. त्यांनी लॅपटॉप छातीशी ओढून, उपाध्यक्षांकडे पाठ करून, एकेक अक्षर शोधत टाइप केलं. मग मी माझा तो थोर हुकूम दिला आणि समोरच्या पडद्यावर ओळ दाखवली. सात, आणि पुढे भेळ.

"आहे ना कुलपात?"

"आहे," तिघं म्हणाले.

मी भेळ उचलली, काकांच्या त्या पानात टाकली आणि बटण दाबलं. पडद्यावर हातभर अक्षरांत आलं: मीच अध्यक्ष. पुढे एक.

निवडणूक जवळ आली होती आणि उपाध्यक्ष उभे राहणार अशी कुजबुज होती. उपाध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा वाचलं. जनरल मॅनेजर पंख्याकडे बघू लागले.

"हा मी सगळीकडे वापरतो," अध्यक्ष हळूच म्हणाले. "घरच्यासुद्धा."

"आज बदला," मी म्हटलं.

त्यानंतर माझ्या अपराधावर कुणी शंका घेतली नाही.

मग मी शहाणी झाले, म्हणजे डबा बाजूला ठेवून खालचं पुस्तक वाचलं. पडद्याच्या जागी खरं कुलूप लावलं. त्यात पासवर्ड एका मुख्य किल्लीने बंद होतो, आणि पोटातलं सगळं म्हणून दाखवताना ती किल्ली राउटर उच्चारतच नाही. प्रत्येक शाखेला वेगळा पासवर्ड, यंत्राकडून काढलेला, ज्यात कुणाचेही नातेवाईक नाहीत. मशीनवरचं दार देवळातल्या दानपेटीसारखं केलं: राउटरने आपली नक्कल फटीतून आत टाकायची, बाहेर काही काढता येणार नाही. नक्कल न्यायची जुनी पद्धत पासवर्ड वायरवरून उघडाच नेत असे, पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा. ती बंद करून झाकून नेणारी आणली. आणि कॉन्फिग कुणाला पाठवायचं किंवा छापायचं असेल तर पासवर्डच्या ओळी आधी पुसायच्या, मग तो देव का असेना. खंडेनवमीला पोथीच्या जागी आता स्क्रू-ड्रायव्हर ठेवतात.

हे करायला पंधरवडा लागला असेल. करायला हवं हे कळायला मात्र एका माणसाला गेटवर बसावं लागलं.

बँकेने माझ्यावर काय कारवाई केली, हे वाचकांना जाणून घ्यायचं असेल. बँकेने सायबर सुरक्षा समिती नेमली आणि मला तिची प्रमुख केलं. 'अनुभव लक्षात घेऊन' असं पत्रात लिहिलं होतं. वर्धापनदिनी शाल, श्रीफळ दिलं. चौबळ काकांना पेनाबद्दल उत्तर मात्र शेवटपर्यंत गेलं नाही. एका सकाळी मीच ठाकुर्लीच्या शाखेत जाऊन सुतळी हातभर वाढवून आले. सायबर सुरक्षा समितीचा तो पहिला निर्णय.

संगीताची फाइल मंडळापुढे परत गेली आणि वयाची अट संपायच्या आत ती कायम झाली. तिची आई पेढे घेऊन आली. म्हणाली, "बाई, तुम्ही होतात म्हणून." मी पेढा तोंडात टाकला, म्हणजे बोलावं लागू नये.

कायम झाल्यावर तिचं पहिलं मोठं काम होतं सगळ्या शाखांच्या राउटरना ते नवं कुलूप प्रत्यक्ष लावणं. शेवटचा राउटर बाळकुमचा. आम्ही दोघी गेलो होतो. तिने बाहेरून कॉन्फिग मागवलं. राउटरने सगळं म्हणून दाखवलं आणि पासवर्डच्या ओळीवर अशी काही रांग दिली की काकांच्या त्या पानाने हात टेकले. मी फुशारून गेले. शाल मिळाल्याला आठवडा झाला होता. म्हटलं, "बघ संगीता, आता कुणीही येऊन विचारू दे याला. तोंडातून पासवर्ड निघायचा नाही."

तिने वायर गुंडाळली, पेटीत ठेवली, पेटी बंद केली. माझ्याकडे बघत ती जे म्हणाली, ते जसंच्या तसं लिहिते:

"छान झालं, मॅडम. तुमच्या तोंडून माझं नाव काढायला त्यांना एकदाच विचारावं लागलेलं, आणि तुम्ही तर राउटर पण नव्हता."